खुलताबादेतली दुसरी कबर

रायपूरच्या सदर बाजारात सौ.चं मंगळसूत्र ओवून घ्यायला गेलो होतो. सराफ मराठी. पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत इकडे आले आणि इथलेच झाले. गाव विचारलं, मी संभाजीनगर सांगितलं. त्यांनी काटा बाजूला ठेवला. "साहेब, तुम्ही फौजी माणूस. औरंगजेबाची कबर अजून ठेवलीत कशी?"

मागच्या रजेत मुलांना घेऊन खुलताबादला गेलो होतो. जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली मातीची कबर, वर सब्जाचं रोप. संगमरवर नंतरचा, लॉर्ड कर्झनच्या काळातला. लेक म्हणाली, "एवढीच?" एवढीच. १६८२ साली हा माणूस औरंगाबादेत आला, तो दिल्लीला परत गेलाच नाही. पंचवीस वर्षं लढून १७०७ मध्ये नगरला मेला. वढू-तुळापूर मी विसरलेलो नाही, कुणी विसरूही नये. पण त्या मोहिमेची पावती ही कबर आहे. ती आपण का फाडायची? प्रतापगडाच्या पायथ्याला अफझलखानाची कबर आहेच. १९९९ ला मी खडकवासल्याला कॅडेट होतो. कारगिलमध्ये पाकिस्तानने नाकारलेली त्यांच्या सैनिकांची प्रेतं आपल्या जवानांनी इस्लामी रिवाजाने पुरली. मेलेल्या शत्रूशी फौज भांडत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. त्याच गावात मलिक अंबरची कबर आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, निजामशाहीचा वजीर झाला, आयुष्यभर मुघलांशी लढला. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते; त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. तलावाचा बांध फोडून अंबरने शत्रूची छावणी चिखलात घातली, मग रात्रीचे छापे. गनिमी काव्याचा अभिमान सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जण त्या घुमटाखाली उभे राहिलेत? आम्ही गेलो तेव्हा तिथे शेळ्या राखणारा एक पोरगा होता, बस्स. बादशहाच्या कबरीपाशी मात्र रांग. मीही काही शहाणा नाही. रोमेलच्या चाली मला पाठ. भातवडी कळली ती चाळिशीत, तीही रजेत वाचताना.

सराफांना हे सगळं सांगितलं. पटलं की नाही, कोण जाणे. "पण त्या अंबरकडे जातं कोण?" म्हणाले.

"तुम्ही या की. मालोजीराजांचं वेरूळ तिथून चार-पाच किलोमीटरवर. घृष्णेश्वराचं दर्शनही होईल."

"दिवाळीनंतर बघू," म्हणत त्यांनी काळे मणी मोजायला घेतले.