कूलंटचा रंग बघू नका, डबा वाचा! ट्रॅक्टर स्वस्त झाला, पण ऐन हंगामात इंजिन कोण वाचवणार?

नागापूर (अहिल्यानगर) : 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब, रेडिएटर अशा बऱ्याच सुट्या भागांवरचा करही 18 वरून 5 टक्के झाला. त्याला जोडूनच दसरा-दिवाळी आली. ज्यांचं घ्यायचं राहिलं होतं, त्यांच्यासाठी ही चांगली संधी होती. पाठोपाठ 1 नोव्हेंबरपासून गाळप हंगाम सुरू झाला. म्हणजे दारात आलेला नवा ट्रॅक्टर थेट उसाच्या ट्रॉलीला जुंपला जाणार.

ऊस वाहतूक म्हणजे इंजिनची खरी परीक्षा. चिखलातून भरलेली ट्रॉली ओढायची, चढाला खालच्या गिअरमध्ये रेटायचं, नंतर कारखान्यावर नंबरला थांबायचं. या कामात इंजिन तापतं. तापलं की कुणीतरी झाकण उघडतं आणि हाताला लागेल ते आत ओततं. नुकसानीची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. ट्रॅक्टर त्या दिवशी बंद पडत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने पडतो. म्हणून दोष कुणाचा ते कळतच नाही.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

हा प्रश्न पारावर हमखास निघतो. कूलंटला अँटीफ्रीझ असंही नाव आहे, त्यामुळे ते थंड मुलखाचं औषध आहे असा समज झालाय. थंडीत ते गोठत नाही हे खरं, पण आपल्याकडे त्याची बाकीची दोन कामं जास्त महत्त्वाची आहेत.

पहिलं काम उकळी लांबवण्याचं. साधं पाणी 100 अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर उकळी सात-आठ अंश पुढे जाते. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे ती आणखी वर सरकते. झाकणाचं रबर गेलेलं असेल तर हा फायदा संपला.

दुसरं काम गंज थांबवण्याचं, आणि ते त्याहून मोठं. इंजिनात बीड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, झाळण असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात असतात. बऱ्याच डिझेल इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. इंजिन चालताना लायनर थरथरतो, त्यामुळे पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लायनरला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये. ऑइल दुधाळ दिसायला लागलं म्हणजे काम मशीन शॉपपर्यंत गेलं समजा. चांगल्या कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरून हे खड्डे रोखतात. साध्या पाण्यात ती ताकद नाही.

हिरवं, लाल, निळं : रंग फसवतो

कूलंट मुळात बिनरंगी असतं. गळती दिसावी आणि ओळख पटावी म्हणून कंपन्या त्यात रंग घालतात. कोणत्या रंगाचा अर्थ काय, असा सगळ्या कंपन्यांना बांधील नियम नाही. पूर्वी हिरवं म्हणजे जुन्या पद्धतीचं कूलंट असा सर्वसाधारण अंदाज चालायचा. आता तो चालत नाही. एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं आतून वेगळं असू शकतं.

फरक असतो गंजरोधक रसायनांत. ढोबळ तीन प्रकार आहेत. जुनं आयएटी, म्हणजे सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट यांसारख्या क्षारांवर चालणारं. त्याचं आयुष्य साधारण दोन वर्षं. नवं ओएटी, सेंद्रिय आम्लांवर चालणारं. ते पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं. तिसरं हायब्रिड, दोन्हींचा मेळ. यातलं भारी कोणतं हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमचं इंजिन कोणत्या कूलंटसाठी बनवलंय, एवढंच बघायचं. टेम्पो आणि जीपलाही हेच लागू.

एकात दुसरं ओतलं तर?

लगेच स्फोट होत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही. पण पाच वर्षांच्या कूलंटमध्ये दोन वर्षांचं मिसळलं की पाच वर्षांची खात्री गेली. दोन्हींची रसायनं एकमेकांची मात्रा कमी करतात. काही जोड्यांत तर साका तयार होतो, चिकट गाळ धरतो. तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग वरून रेडिएटर भरलेला दिसतो, आणि इंजिन मात्र गरम.

त्यात बोअरचं पाणी घातलं की दुखणं वाढतं. आपल्या भागात पाण्याच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर किती लवकर चढतो, ते घरातल्या बायकांना विचारा. तोच थर इंजिनच्या आत धरतो आणि उष्णता बाहेर येऊ देत नाही. कूलंटमध्ये फॉस्फेट असेल तर क्षाराच्या पाण्याशी त्याचा साका लवकर होतो. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची जुनी युक्तीही अशीच. भोक बुजतं, सोबत नळ्याही.

माहिती कपाटात, झाकण ड्रायव्हरच्या हातात

खरी गोम इथे आहे. कोणतं कूलंट घालायचं हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक आरसी, विम्याच्या कागदांसोबत घरच्या कपाटात. ट्रॅक्टर मात्र रात्री दोन वाजता कारखान्याच्या रस्त्यावर, आणि झाकण उघडणारा पगारी ड्रायव्हर. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं आणि जवळ डबाही दिलेला नसतो. तो बिचारा जवळच्या पाटाचं पाणी घालतो किंवा दुकानातून सुटं हिरवं कूलंट आणतो. दोष त्याला देऊन काय उपयोग? दोन लिटरचा डबा टूलबॉक्समध्ये ठेवणं हे मालकाचं काम. नव्या ट्रॅक्टरच्या वॉरंटीत इंजिनचा वाद निघाला तर काय घातलं होतं हे विचारलं जाणारच. तेव्हा पक्कं बिल नसेल तर बोलायला जागा राहत नाही.

चव गोड, पण विष

कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं. किडनी निकामी होते. त्याच कुळातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून 14 रुग्णांचा जीव घेतला होता, त्यावर लेंटिन आयोग नेमला गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या लहान मुलांचे बळी घेणाऱ्या खोकल्याच्या औषधातही हेच सापडलं. म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीत सुटं कूलंट घरी आणू नका. जुनं काढलेलं कूलंट गोठ्याजवळ, विहिरीकडे, उघड्या घमेल्यात सोडू नका. वासरू, कुत्रं, लेकरू, कुणीही तोंड लावू शकतं. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवत बसू नका, डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

मग करायचं काय?

- पुस्तक काढा, कूलंटचं पान मोबाइलमध्ये फोटो काढून ड्रायव्हरला पाठवा.
- डब्यावर प्रकार, उत्पादनाची तारीख आणि आयएस 5759 किंवा जेआयएस के 2234 असा मानक क्रमांक आहे का बघा. तो पुस्तकाशी जुळवा. सुटं घेऊ नका, बिल घ्या.
- डबा तयार मिश्रणाचा असेल तर त्यात पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावर दिलेल्या प्रमाणात, बहुतेकदा निम्म्याला निम्मं, डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीचं पाणी घाला. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतू नका, ते उष्णता कमी वाहून नेतं.
- आत कोणतं आहे ते माहीत नसेल तर वरून भर घालू नका. रेडिएटर आणि इंजिन ब्लॉक दोन्हीकडून पूर्ण काढा, स्वच्छ पाण्याने निवळ येईपर्यंत धुवा, मग एकच प्रकार भरा. नाव आणि तारीख बॉनेटच्या आत लिहून ठेवा.
- वाटेत अडलात तर भलतंच कूलंट घालण्यापेक्षा डिस्टिल्ड वॉटर बरं. तेही नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी घाला आणि घरी आल्यावर दुरुस्त करून घ्या.
- गरम इंजिनचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं.
- वारंवार पाणी कमी होत असेल तर भरत बसू नका. होज, वॉटर पंप, गॅसकेट तपासा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पाचट आणि धूळ रोज साफ करा.

सरकारने कर कमी केला, त्यातून वाचलेले पैसे हेड उघडण्यात घालवायचे का, हे आपल्या हातात आहे. कूलंटचा खर्च शेकड्यातला, इंजिनचा हजारातला. आणि बंद ट्रॅक्टरमुळे चुकलेल्या खेपा वेगळ्याच. वाहतुकीच्या करारावर उचल घेतलेली असेल, तर ती फिटायची खेपांवरच.