मशीनने लिहिलेल्या फाइलला हात लावू नका!

कम्पायलर लॅबच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक भांडण ठरलेलंच असतं. "काल रात्री चालत होतं, आज कसं काय बंद पडलं?" मग हळूच कळतं की कुणीतरी वाय डॉट टॅब डॉट सी ही फाइल उघडून दोन ओळी बदलल्या होत्या. पण मित्रांनो, ती फाइल आपण लिहिलेलीच नसते! आपण लिहितो ते ग्रामर, डॉट वाय फाइलमध्ये. त्यावरून सी कोड तयार करतो याक.

ही कामं क्रमाने करून घेणारा मेक स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. त्याचा हिशेब साधा आहे. तो फक्त फाइलची वेळ बघतो. ग्रामर नवं आणि सी फाइल जुनी दिसली, की याक पुन्हा चालवतो. म्हणजे हाताने केलेला बदल कुणी ग्रामरला हात लावेपर्यंतच टिकतो, आणि मग गुपचूप पुसला जातो. बहुतेक वेळा सबमिशनच्या आदल्या रात्री!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: तयार होणारी फाइल गिटमध्ये टाकूच नये. तिचा नियम मेकफाइलमध्ये लिहावा आणि लागेल तेव्हा मेकनेच ती बनवावी. शिवाय गिट फाइलची मूळ वेळ जपून ठेवत नाही. त्यामुळे क्लोन केल्यावर जुनी कुठली नि नवी कुठली, याचा मेकला भरवसा राहत नाही.

काहीजण म्हणतील, ज्याच्याकडे याक नाही त्याने काय करायचं? मुद्दा रास्त आहे. याच सोयीसाठी अनेक प्रोजेक्ट टारबॉलमध्ये तयार कन्फिगर स्क्रिप्ट घालून देतात. पण हजारो ओळींची ती स्क्रिप्ट वाचतो कोण? २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत नेमका याचाच फायदा घेतला गेला. चोरवाट चालू करणारी बिल्डची फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकलं, म्हणून ती सापडली.

आपल्या मिनी प्रोजेक्टमध्ये कुणी चोरवाट ठेवणार नाही, कबूल. पण सवय इथेच लागते. सबमिशनआधी रूममेटच्या पीसीवर नवा क्लोन घ्या आणि फक्त मेक म्हणा. चाललं, तर प्रोजेक्ट पूर्ण. नाही चाललं, तर निदान व्हायव्हाच्या आधी कळेल!