योकोझुनाला रजा कोणी द्यावी?

2017 सालच्या 26 मार्च रोजी, ओसाका येथील सुमो स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी, डावा खांदा आणि दंड जाड पट्ट्यांनी आवळून घेतलेला एक मल्ल आखाड्यात उतरला, आणि ज्या तेरुनोफुजी नावाच्या मल्लाला तो एकदा तरी पाडू शकेल की नाही याविषयी त्याच्या निस्सीम चाहत्यांनाही शंका होती, त्याला त्याने एकाच सायंकाळी दोनदा नमवून सम्राटांच्या नावाचा चषक पटकावला. बक्षीस-समारंभात राष्ट्रगीताचे सूर निघताच, एरवी मुद्रेवरची रेषही न हलविणाऱ्या त्या धिप्पाड पुरुषाला अश्रू आवरेनासे झाले, आणि ते दृश्य पाहून जपानभर माणसे गहिवरली. किसेनोसातो हे त्या मल्लाचे नाव. सुमोच्या इतिहासातील उत्कट प्रसंगांची गणना होते तेव्हा त्या सायंकाळचा उल्लेख आजही आदराने होतो; परंतु माझ्या मते ज्या दिवशी त्याचा जयजयकार झाला त्याच दिवशी त्याची कारकीर्द वस्तुतः संपुष्टात आली, आणि त्याचा दोष त्याच्या हट्टाकडे जितका जातो त्याहून कितीतरी अधिक त्या व्यवस्थेकडे जातो, जिने जखमी माणसाने थांबावे की लढावे हा निर्णय सर्वस्वी त्याच्या मानापमानाच्या भावनेवर सोपविला.

या मल्लाची घडण कशी झाली हे पाहिल्याखेरीज त्या दिवसाचा अर्थ नीट उमगणार नाही. इबाराकी प्रांतात वाढलेला हा मुलगा 2002 साली, शालेय शिक्षणाचा सक्तीचा टप्पा ओलांडताच, वयाच्या पंधराव्या वर्षी नारुतो नावाच्या तालमीत दाखल झाला. तेथील वस्ताद म्हणजे 59वे योकोझुना, अर्थात सुमोतील सर्वोच्च पदाचे मल्ल, ताकानोसातो. त्यांच्या तालमीची शिस्त करडी, सराव प्रदीर्घ, आणि अन्य तालमींतील मल्लांशी सलगीला तेथे मज्जाव. किसेनोसातो या शिस्तीत असा मुरला की सतरा वर्षांचा असताना पगारदार मल्लांच्या वर्गात आणि अठराव्या वर्षी सर्वोच्च विभागात त्याने प्रवेश मिळविला. याहून लहान वयात हे टप्पे गाठणारा एकटा ताकानोहानाच काय तो त्याच्यापुढे होता. 2010 सालच्या नोव्हेंबरात फुकुओका येथे त्याने मंगोलियन योकोझुना हाकुहोची सलग 63 विजयांची मालिका खंडित केली. फुताबायामाने 1936 ते 1939 या काळात उभारलेला 69 विजयांचा विक्रम आता मोडणारच अशी सर्वांची अटकळ असताना तो ज्याच्यामुळे अबाधित राहिला, तो हा मल्ल. पुढील वर्षी नोव्हेंबरची स्पर्धा तोंडावर आली असता ताकानोसातो अकस्मात निवर्तले. वस्तादाचे दुःख उरात घेऊन किसेनोसातो लढला आणि त्याच स्पर्धेनंतर ओझेकी या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर चढला.

येथून पुढे मात्र त्याच्या नशिबी दीर्घ प्रतीक्षा आली. ओझेकी म्हणून त्याने 31 स्पर्धा लढविल्या; बारा वेळा तो उपविजेता ठरला; 2016 या एका वर्षात त्याने सर्व मल्लांहून अधिक, म्हणजे 69 लढती जिंकल्या, आणि तरीही त्या वर्षी त्याच्या हाती एकही चषक लागला नाही. मला स्वतःला या काळातील किसेनोसातो सर्वाधिक प्रिय आहे. लोक त्याला ऐनवेळी कच खाणारा म्हणत, वृत्तपत्रे त्याच्या धास्तावल्या चेहऱ्याची चर्चा करीत, आणि तो मात्र प्रतिवर्षी सहा स्पर्धा, प्रत्येक स्पर्धेचे पंधरा दिवस, न चुकता आखाड्यात उभा राही. योकोझुना होईपर्यंतच्या सुमारे पंधरा वर्षांत दुखापतीमुळे त्याची लढत चुकली ती एकच, 2014 सालच्या जानेवारी स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी. अशा माणसाला 2017 च्या जानेवारीत, चौदा विजय आणि एक पराजय अशा कामगिरीने, पहिले अजिंक्यपद मिळाले, आणि तत्काळ 72वा योकोझुना म्हणून त्याच्या नावाचे फर्मान निघाले.

या पदोन्नतीवर लोकांच्या केवढ्या आशा लटकलेल्या होत्या! 1998 साली वाकानोहानाची नेमणूक झाल्यानंतर जपानच्या भूमीवर जन्मलेला एकही मल्ल या पदाला पोहोचला नव्हता. मधल्या काळात आसाशोर्यू, हाकुहो, हारुमाफुजी आणि काकुर्यू या चार मंगोलियन मल्लांनी सुमोची धुरा वाहिली आणि ती उत्तम वाहिली, तरी जपानी रसिकांच्या मनात एक सल होताच. मेइजी देवस्थानात नव्या योकोझुनाचा पहिला विधी झाला तेव्हा सुमारे 18,000 माणसे लोटली होती. योकोझुना हे पद असे विलक्षण आहे की त्यावर चढलेला मल्ल कधीही खाली ढकलला जात नाही. खालच्या सर्व हुद्द्यांची यादी प्रत्येक स्पर्धेनंतर नव्याने बांधली जाते आणि हरणारा घसरतो, जिंकणारा चढतो, परंतु योकोझुनाला जिंकता येईनासे झाले की त्याच्यापुढे निवृत्तीखेरीज दुसरा मार्ग राहत नाही. त्या पदाची प्रतिष्ठा राखण्यासाठी 1950 सालापासून बाहेरच्या मान्यवरांची एक सल्लागार समिती नेमलेली आहे. ती नेमणुकीची शिफारस करते आणि पदाला न शोभणाऱ्या कामगिरीची दखलही घेते.

मार्चमधील त्या ओसाकाच्या स्पर्धेत पहिल्या बारा दिवसांत तो अजिंक्य राहिला. तेराव्या दिवशी हारुमाफुजीने त्याला रेटीत आखाड्याबाहेर घातले. सुमोचा आखाडा म्हणजे 4.55 मीटर व्यासाचे मातीचे वर्तुळ, आणि ते जमिनीपासून चांगले हातभर उंच ओट्यावर असते. दीडशे किलोंहून अधिक वजनाचा मल्ल तेथून खाली कोसळतो तेव्हा सारा भार कोठल्या तरी एका सांध्यावर येतो. त्या दिवशी तो डाव्या खांद्यावर आला. छातीचा स्नायू आणि डावा दंड दुखावले. किसेनोसातोची सारी विद्या डाव्या हातात होती: प्रतिस्पर्ध्याचा हात कोपरापाशी खालून दाबून त्याचा तोल ढळविणे आणि डावा पंजा आत घालून पट्टा पकडणे, ही त्याची लढण्याची रीत. ज्या अवयवावर आयुष्यभराची साधना उभी होती तोच निकामी झाला असता, सरळ न्यायाने पाहिले तर, स्पर्धा तेथेच संपायला हवी होती. चौदाव्या दिवशी तो पुन्हा उतरला आणि काकुर्यूपुढे क्षणभरही टिकला नाही. तरीही पंधराव्या दिवशी तो आला, आणि जिंकला.

जिंकल्यानंतरचा हिशेब कठोर आहे. मे महिन्यातील स्पर्धेत अकराव्या दिवशी त्याने माघार घेतली, आणि त्या स्पर्धेपासून 2018 च्या जुलैपर्यंत सलग आठ स्पर्धांत तो एक तर अर्ध्यावर परतला किंवा मुळीच उतरला नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याने दहा विजय मिळविले तेव्हा आशा पल्लवित झाली. नोव्हेंबरात पुन्हा पराभवांची मालिका आणि माघार. त्या सल्लागार समितीने तिच्या इतिहासात प्रथमच एका योकोझुनाला कामगिरी सुधारण्याविषयी अधिकृत समज दिली. 2019 च्या जानेवारीत पहिले तीन दिवस हरल्यावर, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. योकोझुना या नात्याने त्याच्या खाती 36 विजय आणि 36 पराजय आहेत. मल्ल म्हणून आपल्याला कसलाही पश्चात्ताप नाही, असे त्याने डोळे पुशीत सांगितले. त्याच्या सांगण्याचा मी पूर्ण आदर करतो. पण ज्याला पश्चात्ताप नाही त्याच्यावर अन्याय झालाच नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

सुमोच्या कारभाऱ्यांना हा धडा नवा नव्हता, ही गोष्ट मला अधिक खटकते. ओसाकाच्या त्या स्पर्धेच्या सुमारे सोळा वर्षे आधी, 2001 च्या मे महिन्यात, वर उल्लेखलेल्या योकोझुना ताकानोहानाने चौदाव्या दिवशी गुडघा मोडून घेतला, शेवटच्या दिवशी लंगडत येऊन मुसाशिमारूला निर्णायक लढतीत पाडले, आणि चषक देताना पंतप्रधान कोइझुमी यांनी, वेदना सोसून त्याने केलेल्या पराक्रमाने आपण भारावून गेलो, असे भर आखाड्यात उच्चरवाने सांगितले. पुढे काय झाले? लागोपाठ सात स्पर्धा त्याला घरी बसावे लागले आणि 2003 च्या जानेवारीत सुमोतील एक असामान्य कारकीर्द संपली. राष्ट्राचा पंतप्रधान ज्या कृत्याला मुजरा करतो, ते कृत्य पुढच्या प्रत्येक जखमी मल्लाच्या दृष्टीने कर्तव्य होऊन बसते. 2017 च्या मार्चमध्ये किसेनोसातो पट्ट्या बांधून उभा राहिला तेव्हा त्याच्या पाठीशी ताकानोहानाचे ते उदाहरण उभे होते, आणि ओसाकाचे टाळ्या वाजविणारे प्रेक्षकही होते.

आता त्या दिवशी हरलेल्या मल्लाची कैफियतही ऐकली पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तिच्यात आहे. उलानबातर येथे जन्मलेला तेरुनोफुजी तेव्हा ओझेकी होता. आदल्या दिवशी त्याने बाजूला सरून प्रतिस्पर्ध्याला पाडले म्हणून प्रेक्षकांनी त्याला मायदेशी परत जाण्याचे टोमणे मारले होते, आणि त्याचेही गुडघे धड नव्हते. त्या वर्षी त्याचे ओझेकीपद गेले. गुडघ्यांवर शस्त्रक्रिया, मधुमेह, यकृताचा विकार, या साऱ्यांनी तो इतका खंगला की हुद्द्यांच्या यादीत घसरत घसरत, पगार, रेशमी लंगोट आणि सेवक गमावून, तो खालून दुसऱ्या विभागात जाऊन पोहोचला. त्याने वारंवार निवृत्तीची परवानगी मागितली आणि त्याच्या वस्तादांनी, माजी योकोझुना आसाहिफुजी यांनी, ती वारंवार नाकारली. 2019 च्या मार्चमध्ये तो नवशिक्या पोरांच्या रांगेत पुन्हा उभा राहिला. 2020 च्या जुलैत सर्वोच्च विभागाच्या तळाच्या क्रमांकावरून त्याने अजिंक्यपद जिंकले, 2021 मध्ये तो 73वा योकोझुना झाला, आणि 2025 च्या जानेवारीत निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर दहा अजिंक्यपदे होती. या माणसाला घसरण्याची मुभा होती आणि ती घसरण सोसायला शिकविणारा वस्ताद होता, म्हणून शरीराला दुरुस्तीचा अवकाश मिळाला. त्या सायंकाळी जो जिंकला त्याला तो अवकाश मिळाला नाही.

असा अवकाश सुमोत पूर्वी कायद्याने मिळत असे. 1972 सालापासून लढतीत जखमी होणाऱ्या मल्लाला पुढील एक स्पर्धा हुद्दा न गमावता सोडून देण्याची रजा होती. किरकोळ कारणांसाठी तिचा फायदा घेतला जातो आणि गैरहजर मल्लांची संख्या फुगते, या सबबीवर 2003 च्या अखेरीस ती रद्द करण्यात आली. गैरवापर होत होता हे मान्य केले तरी उपाय उलटा झाला. दाखले खोटे येत असतील तर दाखले देणारे बदलावेत. सारी रजाच बंद केल्याने खऱ्या जखमांचे मल्लही अर्ध्या-मुर्ध्या बऱ्या झालेल्या गुडघ्यांवर परत येऊ लागले. 2021 च्या मार्चमध्ये हिबिकिर्यू हा खालच्या विभागातील मल्ल डोक्यावर आपटून आखाड्यात निश्चेष्ट पडला असता वैद्य आखाड्याशी हजर नव्हता, आणि महिन्याभराने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो मरण पावला. त्यानंतर तातडीच्या उपचारांच्या रीती सुधारल्या गेल्या. रजेचा प्रश्न मात्र तसाच पडून आहे.

किसेनोसातोने निवृत्तीनंतर जे केले त्यावरून त्याला स्वतःला हा प्रश्न किती भेडसावत असावा हे दिसते. वासेदा विद्यापीठात त्याने क्रीडाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि प्रबंधासाठी तालमींच्या व्यवस्थापनाचा विषय निवडला. पुढे इबाराकी प्रांतातच स्वतःची तालीम काढली, जिला नंतर निशोनोसेकी हे जुने नाव मिळाले, आणि तिच्यात दोन आखाडे बांधले, जेणेकरून तरुण मुलांना सरावासाठी ताटकळत उभे राहावे लागू नये. त्या तालमीतील ओनोसातो हा इशिकावा प्रांताचा तरुण 2023 साली व्यवसायात उतरला आणि दोनच वर्षांत, 2025 च्या मे महिन्यात, 75वा योकोझुना झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुकुओका येथे, चौदाव्या दिवसअखेर तो अजिंक्यपदाच्या शर्यतीत आघाडीवर बरोबरीने होता, पण त्याचा डावा खांदा दुखावलेला होता. शेवटच्या दिवशी तो आखाड्यात उतरला नाही, आणि चषक आओनिशिकी या युक्रेनच्या तरुण मल्लाने जिंकला. त्या माघारीला मी अलीकडच्या सुमोतील सर्वांत शहाणी गोष्ट मानतो. पण ज्याच्या वस्तादाने तीच किंमत स्वतःच्या शरीराने मोजली आहे त्याला थांबणे सोपे जाते. जपानमधील चाळीसच्यावर तालमींतील सगळ्याच पोरांना असा वस्ताद लाभलेला नाही.

म्हणून ही गोष्ट वस्तादाच्या विवेकावर किंवा मल्लाच्या धैर्यावर सोडू नये. सुमो संघटनेने कोणत्याही तालमीशी लागेबांधे नसलेल्या वैद्यांचे एक स्वतंत्र मंडळ नेमावे. लढतीत झालेल्या गंभीर दुखापतीची तपासणी त्याच रात्री व्हावी. मंडळाने लढण्यास मनाई केली तर ती मनाई हुकूम म्हणून सर्वांवर बंधनकारक असावी, योकोझुनावरही. आणि अशा हुकमाने बाहेर बसणाऱ्याचा हुद्दा निदान एका स्पर्धेपुरता सुरक्षित राहावा. दाखल्यांचा हिशेब दरवर्षी जाहीर केला की गैरवापराची शंकाही फिटेल. योकोझुनाच्या बाबतीत तर समितीने लेखी स्पष्ट करावे की वैद्यांच्या हुकमाने बुडालेली स्पर्धा त्याच्या कामगिरीच्या हिशेबात धरली जाणार नाही.