गौरी जेवल्या, घरची लक्ष्मी जेवली का?



भाद्रपद लागला की आपल्याकडे दोन घाया एकदम येतात. शिवारात मूग-उडदाच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि वर आभाळ भरलेले असते. इकडे घरात गौरी यायच्या असतात. मराठवाड्यात, विदर्भात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात, कोकणात गौराई म्हणतात. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी मोठा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी निरोप. या दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईचे भाऊ, लेकी-जावई, सवाष्णी मिळून तीस पाने सहज होतात.

आता जरा मागच्या वर्षीचे आठवा. आरती किती वाजता झाली? शेवटची पंगत किती वाजता उठली? आणि पोळ्या लाटणारी सून किती वाजता जेवली? पुष्कळ घरी या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कुणालाच देता येत नाही, कारण ते कुणी पाहिलेलेच नसते. दिवसभर उपास, चुलीची धग, आणि रात्री अकराला गार भात-आमटी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली, तिच्यात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा अंगाने बारा-चौदा तास उभे राहायचे, म्हणजे चक्कर यायला वेगळे कारण लागत नाही.

यावर उपाय सण लहान करण्याचा नाही. उपाय नियोजनाचा आहे. पेरणीच्या दिवशी आपण बियाणे शोधायला निघत नाही. तिफण, खत, माणसे आधी ठरलेली असतात. मग वर्षाच्या सणाचे जेवण तेवढे एका बाईच्या अंगावर आणि आयत्या वेळेवर का सोडावे?

आधी पाने मोजा

सणाच्या चार दिवस आधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. कोण येणार, किती येणार, मुक्कामाला किती, हे कागदावर लिहावे. फोन हातात आहे, विचारून घ्यायला संकोच नको.

मग प्रमाण काढावे. एक किलो हरभरा डाळ आणि एक किलो गूळ यांच्या पुरणात मध्यम आकाराच्या ३५ ते ४० पोळ्या होतात. तीस माणसांना माणशी दोन धरल्या तर साठ पोळ्या लागतील. म्हणजे दीड किलो डाळ, दीड किलो गूळ आणि सुमारे दोन किलो कणीक पुरे. पोळीबरोबर भात कमीच जातो, तेव्हा सव्वादोन-अडीच किलो तांदूळ खूप झाले. कटाची आमटी डाळीच्याच पाण्यावर होते, तिला वेगळा खर्च नाही.

भाद्रपदात खरिपाचा पैसा अजून हातात आलेला नसतो, हे कुणी सांगायला नको. म्हणून खर्चाचे वाटे आधीच करावेत. एका भावाने गूळ-डाळ आणावी, दुसऱ्याने तेल-तूप, शहरातल्याने फळे आणि सुका मेवा. उधारी करून ताटात एक पक्वान्न वाढवण्यापेक्षा दोन पदार्थ कमी केलेले बरे. महालक्ष्मीला ताटाचा आकडा मोजता येतो, असे कुठल्याही पोथीत मी वाचलेले नाही.

कामे तीन दिवसांत वाटा

दोन दिवस आधी: वाळलेल्या मूग-उडदाच्या शेंगा तोडून घ्याव्यात. पूजेच्या दिवशी पाऊस आला तर उभ्या शेंगेत दाण्याला मोड येतात आणि घरातले निम्मे हात शिवारात अडकतात. गॅसची भरलेली टाकी घरात आहे ना, ते पाहावे. चूल पेटवायची असेल तर सरपण छपराखाली कोरडे ठेवावे. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो.

आदल्या दिवशी: दळण, कणीक चाळणे, गूळ चिरणे, वेलदोडा-जायफळ कुटणे, तिळाची चटणी. ज्वारीच्या आंबिलाचा रिवाज असेल तर पीठ ताकात याच रात्री भिजवावे. सोळा भाज्यांची भाजी करण्यापेक्षा ती निवडण्यात जास्त वेळ जातो. शेंगा मोडणे, पालेभाजी निवडणे, नारळ खवणे ही कामे पुरुष आणि पोरे बसल्या बसल्या करू शकतात. जो हात कपाशीवर किडीची अंडी शोधू शकतो, त्याला मेथीची काडी दिसणार नाही असे थोडेच आहे!

पूजेच्या दिवशी: सोवळ्याचा नेम असेल तर पुरण त्याच दिवशी करावे, पण सकाळीच. डाळ दोन तास भिजवली की लवकर शिजते आणि गॅस वाचतो. दुपारी बारापर्यंत पुरण वाटून झाकून ठेवावे. कणीक दोनच्या सुमारास मळून मुरू द्यावी. चारला भाज्या आणि आमटी. साडेचारला पोळ्या. एका पोळीला साधारण दोन मिनिटे धरली तर साठ पोळ्यांना एका तव्यावर दोन तास लागतात. दोन तवे मांडले, दोघींनी लाटल्या आणि दोघांनी भाजल्या, की तासाभरात काम आटोपते. सहाला भात, सातला आरती. भजी, कुरडया तेवढ्या पंगतीच्या वेळी तळाव्यात. कोशिंबिरीत मीठ वाढण्याच्या वेळीच घालावे, आधी घातले की काकडीला पाणी सुटते.

उपास असला तरी नेमात बसेल ते दूध, फळ, सरबत घ्यावे आणि पाणी तर प्यावेच. पोटुशी आणि अंगावर पाजणारी बाई यांना उपास धरायला लावू नये. देवी त्यांच्यावर रागावणार नाही.

पंगत दोनच

पहिल्या पंगतीत लहान मुले, म्हातारी माणसे आणि सवाष्णी. दुसऱ्या पंगतीत बाकीचे सगळे, आणि स्वयंपाक करणाऱ्या बायाही त्याच पंगतीत. तिसरी पंगत ठेवायचीच नाही. मग वाढायचे कोणी? पहिल्या पंगतीला घरच्या पुरुषांनी वाढावे, दुसऱ्या पंगतीला जेवून उठलेल्या तरण्या मुलामुलींनी. गावच्या सप्ताहात पाचशे माणसांच्या पंगतीत बादली घेऊन धावणारे हात घरात तीस पानांना वाढताना लाजतात, याचे मला नवल वाटते.

सासूबाईंना माझे एक सांगणे आहे. ही गोष्ट सुनेला मागता येत नाही, तुम्हालाच सांगावी लागते. "अगं, तूही बस" एवढे तीन शब्द तुमच्या तोंडून निघाले, की पुढची दहा वर्षे घरात तोच रिवाज होतो.

उरलेले अन्न आणि गोठा

भाद्रपदातल्या दमट हवेत शिजलेले अन्न लवकर बिघडते. भात, पुरण, खीर रात्रभर झाकून बाहेर ठेवू नये. पसरट परातीत निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. फ्रीज नसेल तर त्याच रात्री शेजारीपाजारी वाटून टाकावे. दुसऱ्या दिवशी खायचे ते वाफ येईपर्यंत गरम करावे.

आणि हे तर नीट ध्यानात ठेवा: उरलेल्या पोळ्या आणि भात पाटीभर गाई-म्हशीपुढे ओतू नका. आपण मायेने घालतो, पण पिठूळ आणि गोड अन्न एकदम जास्त पोटात गेले की जनावराच्या कोठीपोटात आम्ल वाढते. जनावर चारा सोडते, रवंथ बंद होतो, शेण पातळ पडते, जनावर बसून राहते. वेळेवर इलाज झाला नाही तर ते दगावते. नैवेद्याची एखादी पोळी घातली तर हरकत नाही. पाटीभर अन्न पोटात गेल्याचे कळले, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे. खरकट्याची बादलीही जनावराचे तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवावी.

यंदा एवढे करून पाहा. सामानाची यादी आणि वेळापत्रक वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी अर्धे काम त्या वहीनेच होईल. रात्री नऊला भांडी धुऊन पालथी पडलेली असावीत आणि घरच्या बाया गौरींसमोर झिम्मा-फुगडीला उभ्या असाव्यात. त्यांच्या पायांत तेवढे बळ उरले, तर आपले नियोजन साधले असे समजा.

पुढील अंकी रब्बीच्या हरभऱ्यासाठी घरचे बियाणे कसे निवडावे, ते पाहू.