"तसं कुणी येतच नाही"

परवा बाबांना घेऊन साताऱ्याहून सांगलीला गेलो. पार्किंगमध्ये व्हीलचेअरचं चित्र रंगवलेली जागा, त्यावर चार बुलेट! वॉचमन म्हणतो, "साहेब, तसं कुणी येतच नाही हो." अहो, येणार कसं? ती जागा ३.६ मीटर रुंद असते ती दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता यावी म्हणून. मेहेरबानी नाही, भूमिती आहे!

बाबांकडे यूडीआयडी कार्ड आहे. २०२० पासून गाडीच्या नोंदणीत 'दिव्यांगजन' मालकीही लिहिता येते. पण काचेला लावायच्या परवान्याचं कचेरीत विचारलं तर क्लार्क नुसता बघतच राहिला.

शेवटी बाबा कुबड्यांवर रस्ता ओलांडून आले. तेवढ्यात एक बुलेटवाला आला. पाठीवर पुण्याच्या आयटी कंपनीची बॅग. म्हणजे आपल्यातलाच.