भुतांचे सिनेमे आणि भुतांचे दुकानदार

भुताचे सिनेमे पाहिल्याने ईमान कमजोर होते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. सांगणारे बहुधा वडीलधारे, नेक आणि नमाजी असतात. त्यांनी त्यातला एकही सिनेमा धड पाहिलेला नसतो, हा भाग वेगळा. मी उर्दू माध्यमाचा शिक्षक. सातवी-आठवीच्या मुलांना मी जुने भुताचे सिनेमे पाहायला सांगतो, ही तक्रार आमच्या मोहल्ल्यात दोन-तीनदा होऊन गेली आहे. तेव्हा एकदाचे लिहूनच टाकतो.

१९४९ चा 'महल' घ्या. बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, लेखक-दिग्दर्शक कमाल अमरोही. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच. ओसाड हवेली, झोक्यावरची मधुबाला, अंधारातून येणारे लताबाईंचे गाणे. (रेकॉर्डवर गायिकेचे नाव लता नव्हते, पात्राचे नाव 'कामिनी' छापले होते!) अशोक कुमार त्या आवाजामागे वेडा होतो. शेवटी कळते काय? भूत नाहीच. ती हवेलीच्या माळ्याची मुलगी. बापाकडून ऐकलेल्या प्रेमकहाणीत ती स्वतःच शिरली. माळ्याची पोर म्हणून तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते. भूत झाली तेव्हा मालक तिच्यामागे धावला. आणि या सगळ्यात खरा बळी कोणाचा गेला? त्याच्या लग्नाच्या बायकोचा. तिच्याशी नवरा बोलतही नव्हता. तिने विष घेतले.

आता आमच्या भागाकडे या. माझे गाव माकणी, लोहारा तालुका, निम्न तेरणा धरणाचे गाव. हा सगळा पट्टा भानामतीचा म्हणून बदनाम. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, बाया कुत्र्यासारख्या भुंकतात. हिंदूंच्या घरात हे झाले की 'करणी' म्हणायचे, आपल्या घरात झाले की 'असर'. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी मराठवाड्यातल्या अशा कितीतरी घरांत जाऊन शोध घेतला, तेव्हा दगडामागे माणसाचाच हात निघाला. पुष्कळदा तो हात घरातल्या एखाद्या सुनेचा, एखाद्या पोरीचा होता, जिचे साध्या शब्दांत कोणी ऐकत नव्हते. कमाल अमरोहींनी हवेलीत दाखवलेली माळ्याची पोर आपल्या पत्र्याच्या घरातही राहते. हे ज्याला सिनेमात दिसले, त्याला घरात दिसण्याची थोडी तरी आशा आहे. म्हणून मी 'महल' पाहा म्हणतो.

त्या काळातल्या बाकीच्यांचेही असेच. 'बीस साल बाद' (१९६२) मध्ये जमीनदारांच्या घराण्यातल्या पुरुषांचा जीव घेणारे भूत म्हणजे अत्याचार झालेल्या मुलीचा बाप. 'वो कौन थी' (१९६४) मधली पावसातली पांढऱ्या साडीतली साधना म्हणजे वारसाच्या इस्टेटीसाठी डॉक्टरला वेडा ठरवण्याचा कट. भुतामागे कुठे इस्टेट, कुठे इज्जत, कुठे सूड. तर्कशास्त्राचा याहून चांगला धडा आमच्या डी.एड.-बी.एड.च्या पुस्तकांत नव्हता.

पुढे रामसे बंधू आले. त्यांच्या 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) या नावात बहादूरशहा जफरच्या नावावर चालणाऱ्या गझलेची आठवण आहे. सिनेमात शायरी शोधू नका. 'पुराना मंदिर' (१९८४) तुफान चालला. यातला राक्षस खराच राक्षस. तो त्रिशूळापुढे हतबल होतो, म्हणजे शोध घ्यायचे कारणच उरले नाही. योग्य हत्यार आणणारा माणूस शोधला की काम झाले. हे सिनेमे मीही मजेने पाहिले आहेत, पण मुलांना त्यांची शिफारस करत नाही. मोहल्ल्यातल्या हाजीसाहेबांशी माझे इथे एकमत होईल.

मात्र खरे भांडण पुढेच आहे. सिनेमाचे भूत तीन तासांत संपते, दिवे लागतात, माणूस घरी जातो. आमिलसाहेबांचे भूत संपत नाही. आधी तावीज, मग पलिते, मग दम केलेले पाणी, मग काळा बकरा, मग 'असर पुराना है, एक चिल्ला और लगेगा'. माझ्या वर्गातल्या एका मुलीला फिट यायची. तिला सहा महिने अशाच एका दरबारात नेत होते. औषध सुरू झाले तेव्हा फिट थांबली. गेलेले वर्ष काही परत आले नाही. त्या आमिलाविरुद्ध कोणी बोलले नाही. आणि ईमानाला धोका कोणाचा? मधुबालेचा!

कोणी म्हणेल, मास्तर जिन्नातलाच नाकारतात. मुळीच नाही. कुरआनातली ७२ वी सूरह त्यांच्याच नावाची आहे, मला ती पाठ आहे. पण तापाने फणफणलेल्या लेकराला पलित्याचा धूर द्या, असे त्यात कुठे आहे, ते मला दाखवावे. २०१३ साली २० ऑगस्टला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्यासाठी मारणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे, हे सर्व त्यात गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा कायदा बाबा-बुवाला लागतो तसाच आमिलालाही लागतो. आपल्या जमातीत किती जणांना हे ठाऊक आहे?

मोठ्यांसाठी आणखी दोन नावे. 'तुंबाड' (२०१८) पाहा; त्यातला राक्षस भयंकर आहे, पण त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाणारा विनायकराव अधिक भयंकर. आणि फारसीतला 'अंडर द शॅडो' (२०१६), बाबक अन्वरी यांचा. इराण-इराक युद्धातले तेहरान, इमारतीवर पडलेले न फुटलेले क्षेपणास्त्र, राजकारणात भाग घेतला म्हणून डॉक्टरीचे शिक्षण बंद झालेली आई आणि लहान मुलगी. वाऱ्यासोबत जिन्न येतो. तो चादरीच्या रूपात का येतो, हे पाहताना आपल्या घरातल्या बायांना विचारा. त्यांना पुरुषांआधी कळेल. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागातल्या माणसांना रात्री जरा कुठे गडगडले तरी अंगणात पळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या तळघराकडे धावणाऱ्या आईची भीती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

माझे जमातीच्या जबाबदार मंडळींना सांगणे आहे. जुम्याच्या बयानात सिनेमावर जेवढे बोलता, त्याच्या निम्मे तरी आमिलाच्या फीवर बोला. तोवर मी आठवीच्या मुलांना 'वो कौन थी' पाहायला सांगणार, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहिणार : या भुतापासून फायदा कोणाचा होता?