अंथरूण पाहून पाय पसरावे. पण अंथरूण पाहावे कसे?
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

दिवाळीची सुटी संपली की सूचनाफलकावर गिर्यभ्रमणाच्या सहलींची पत्रके लागतात. कधी हरिश्चंद्रगड, कधी कळसूबाई, तर एखाद्या वर्षी थेट हिमालय. पत्रकाच्या तळाशी बरोबर आणावयाच्या वस्तूंची यादी असते. तीत विजेरी, पाण्याची बाटली, शिट्टी यांच्या पंक्तीत एक ओळ हमखास आढळते : ‘स्लीपिंग बॅग, उणे १० अंश.’ सहल कोकणातली असो की कुमाऊँमधली, ही ओळ बदलत नाही. या एका ओळीमुळे आमच्या वर्गातल्या दोघीतिघींनी आणि वसतिगृहातल्या काही मित्रांनी गेल्या हिवाळ्यात नाव नोंदवलेच नाही. कारण कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. पैशाची अडचण चारचौघांत सांगण्यापेक्षा ‘मला डोंगराची आवड नाही’ असे म्हणणे सोपे असते.

मी अकोले तालुक्यातला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. डोंगर मला नवा नाही आणि थंडीही नवी नाही; नवी आहे ती ही पिशवी. म्हणून तिच्यावर लिहिलेल्या आकड्याचा अर्थ काय, तो कोणी ठरवला आणि आपल्याला नेमका कोणता आकडा हवा, हे समजून घेण्याचा मी प्रयत्न केला. त्यातून माझे जे मत झाले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट ही की, पिशवीत ऊब नसते. ऊब आपल्या शरीरात असते. झोपलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे ७०-८० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. पिशवीचे काम एवढेच की, तंतूंच्या किंवा पिसांच्या जाळीत हवा अडकवून ठेवावी आणि ती उष्णता सावकाश बाहेर जाऊ द्यावी. आमची आई जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून गोधडी शिवते, तेव्हा याच नियमाचा उपयोग करीत असते. टाक्यांच्या ओळींमध्ये जी हवा राहते तीच रात्री आपले रक्षण करते. उपाशीपोटी किंवा ओल्या कपड्यांनी झोपणाऱ्याला म्हणूनच हजारोंची पिशवीही ऊब देत नाही. चूल विझलेली असेल तर दार लावून काय उपयोग?

आता आकड्याकडे वळू. पूर्वी प्रत्येक कारखानदार आपल्या मनाने आकडा छापत असे. २००२ मध्ये युरोपात ईएन १३५३७ हे मानक तयार झाले. पुढे २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. या चाचणीत तापवलेला मानवाकृती पुतळा अंगभर पातळ कपडे व मोजे घालून पिशवीत ठेवतात, त्याच्याखाली चटई असते, आणि किती उष्णता निसटते हे मोजतात. त्यातून एक नव्हे, तर तीन महत्त्वाचे आकडे निघतात. पहिला ‘कम्फर्ट’, म्हणजे आरामाचा : या तापमानापर्यंत एक प्रमाण स्त्री सैलावून, सुखाने झोपू शकते. दुसरा ‘लिमिट’, म्हणजे मर्यादेचा : येथे एक प्रमाण पुरुष अंग आखडून का होईना, पण रात्र झोपून काढू शकतो. तिसरा ‘एक्स्ट्रीम’, म्हणजे टोकाचा : येथे झोपेचा प्रश्नच उरत नाही. प्रमाण स्त्री सुमारे सहा तास कशीबशी जीव राखू शकेल, इतकाच त्याचा अर्थ. त्यातही हिमबाधेचा धोका आहेच.

एकाच पिशवीच्या या तीन आकड्यांतले अंतर लहान नसते. आरामाचा आकडा ० असलेल्या पिशवीची मर्यादा उणे ५-६ आणि टोक उणे २०च्याही खाली असू शकते. दुकानदार यांतला कोणता आकडा मोठ्या अक्षरांत दाखवील, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच. बाजारातल्या पुष्कळशा स्वस्त पिशव्यांची तर अशी चाचणीच झालेली नसते. तेथे आकडा म्हणजे केवळ विक्रेत्याचा शब्द.

माझ्या मते या विषयातली सर्वांत गंभीर बाब येथेच आहे. सहलीच्या पत्रकात ‘उणे १०’ असे मोघम लिहिले जाते, तेव्हा तो आराम, मर्यादा की टोक, हे कोणीच सांगत नाही. पुरुषाची मर्यादा म्हणून छापलेला आकडा पाहून एखाद्या मुलीने पिशवी घेतली, तर त्या थंडीत तिची रात्र कुडकुडत जाईल. स्त्रिया नाजूक असतात म्हणून असे होते, हे मात्र कोणी म्हणू नये. सर्वसाधारणपणे शरीर लहान आणि स्नायूंचे प्रमाण कमी असले की विश्रांतीच्या वेळी उष्णता कमी निर्माण होते, इतकाच हा हिशेब आहे. किरकोळ अंगाच्या मुलालाही तो लागू पडतो. म्हणून मुलींनी, आणि माझ्यासारख्या काटकुळ्यांनीही, नेहमी आरामाचाच आकडा पाहावा.

पिशवीचा आकडा कळला तरी निम्मेच काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे जेथे जावयाचे त्या जागेचा आकडा. ढोबळ नियम असा की दर १००० मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. हिमालयातल्या २००० मीटर उंचीवरच्या गावात रात्री २ अंश असतील, तर ३५०० मीटरवरच्या तळावर उणे ८च्या आसपास धरून चालावे. डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारख्या सुमारे ३८०० मीटर उंचीच्या शिखराकडे जाणाऱ्याला या हिशेबातून सुटका नाही. लेह शहर सुमारे ३५०० मीटरवर आहे आणि जानेवारीत तेथली सरासरी किमान तापमानाची नोंदच उणे १०च्या खाली असते. तेथे ‘उणे १०’ची मोघम पिशवी घेऊन जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

परंतु केवळ उंची पाहूनही भागत नाही. निफाड हे गोदावरीच्या सपाट खोऱ्यातले गाव महाबळेश्वरपेक्षा कितीतरी खाली आहे. तरी हिवाळ्यात तेथला पारा अनेकदा ५ अंशांच्या खाली जातो आणि द्राक्षबागायतदारांची झोप उडते. खुद्द महाबळेश्वरातही गावापेक्षा वेण्णा तलावाच्या काठी दव गोठून हिमकण झाल्याच्या बातम्या येतात. निरभ्र, निवांत रात्री गार हवा जड होऊन खोलगट जागी साचते, हे त्याचे कारण. राहुटी ओढ्याच्या काठी ठोकणारा आणि थोड्या वरच्या टप्प्यावर ठोकणारा हे एकाच रात्री दोन निरनिराळ्या ऋतूंत झोपतात म्हणा ना! राजस्थानातले चुरू तर याहून नवलाचे. १ जून २०१९ रोजी तेथे पारा ५० अंशांच्या वर गेला होता. त्याच चुरूत हिवाळ्यातल्या काही रात्री तो शून्याच्या खाली उतरतो. कोरडी हवा आणि वाळू दिवसाची उष्णता रात्री धरून ठेवत नाहीत.

आपल्या सह्याद्रीचे काय? कळसूबाईची उंची १६४६ मीटर, हरिश्चंद्रगडाची सुमारे १४२४. डिसेंबरातल्या नेहमीच्या रात्री येथे आरामाचा आकडा ५ अंशांच्या आसपास असलेली पिशवी पुरेशी होते. कडाक्याच्या लाटेत आत स्वेटर घालावा. कोकणात एक चादर पुष्कळ. येथे उणे १०ची पिशवी घेऊन येणारा रात्री घामाने भिजतो, मग साखळी उघडून गारठतो, आणि दिवसभर तिचे ओझे वाहतो ते वेगळेच. ‘जास्त ऊब असली तर बिघडले काय?’ असे विचारणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे.

पावसाळ्यात तर प्रश्नच बदलतो. तेव्हा शत्रू थंडी नसून ओल असते. बदकाच्या वा हंसाच्या पिसांची पिशवी वजनाला हलकी आणि उबेला सरस खरी. पण भिजली की पिसे एकमेकांना चिकटून बसतात आणि हवा धरेनाशी होतात. कृत्रिम तंतूंची पिशवी वजनदार, पण ओलसर झाली तरी थोडीफार ऊब राखते आणि किमतीलाही परवडते. धनगर बांधव पावसापाण्यात घोंगडीच का पांघरतात, याचेही उत्तर येथेच आहे : लोकर पुष्कळ ओल पोटात घेते, तरी अंगाला गारठा लागू देत नाही.

आणखी एक गोष्ट यादीत कधीच नसते, ती म्हणजे अंगाखालची चटई. आपल्या वजनाने पिशवीचा खालचा थर दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन अंगातली उष्णता ओढून घेते. पुतळ्याची चाचणीसुद्धा चटईवरच होते. ज्याच्यापाशी थोडेच पैसे आहेत त्याने आधी फोमची चांगली चटई घ्यावी. जुन्या सुती साडीचे अस्तर शिवून पिशवीत घातले, तर ती आतून मळत नाही, आणि अस्तर घरी धुताही येते.

कोणी म्हणेल, गोधडीच न्यावी. गावच्या शाळेत किंवा देवळात मुक्काम असेल तर मी स्वतः गोधडीच नेतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. परंतु बर्फात गोधडी न्या असे मी म्हणणार नाही. ती जड असते, भिजली की वाळत नाही, आणि गळ्याशी आवळून बंद करता येत नाही. गरिबीचा अभिमान बाळगून थंडीने आजारी पडण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४) आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना १९६५) आपल्या प्रशिक्षणार्थींना स्वतःच्या भांडारातून साहित्य वापरायला देतात. आमच्या जिमखान्यानेही दोन प्रकारच्या पिशव्या ठेवाव्यात : सह्याद्रीसाठी आरामाचा आकडा ५ असलेल्या कृत्रिम तंतूंच्या, आणि हिमालयासाठी उणे १० वा त्याहून खालचा आरामाचा आकडा असलेल्या थोड्या. ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी त्यांची नोंद व्हावी. सहलीहून परत आल्यावर त्या उन्हात वाळवून, दाबून न ठेवता सैल टांगून ठेवाव्यात, म्हणजे पुष्कळ वर्षे टिकतील. क्रिकेटची बॅट प्रत्येक खेळाडूने घरून आणावी असे आपण म्हणत नाही. मग हाच नियम डोंगराला का लावू नये?

भांडार उभे राहीपर्यंत निदान पत्रकातली ती ओळ तरी बदलावी. मुक्कामाची उंची किती, रात्री अपेक्षित तापमान किती, आरामाचा आकडा कोणता हवा आणि गोधडी चालेल की नाही, या चार गोष्टी लिहायला अर्धा कागदही लागणार नाही. पण तेवढ्याने ज्याला सोबत यायचे आहे तो येईल, आणि जेथे खरोखर धोका आहे तेथे कोणी अपुऱ्या पांघरुणानिशी जाणार नाही.